‘काळी सहा’चं शेवटचं रेकॉर्डिंग

दुपारचे अडीच वाजलेत. आमटी-भात जरा जास्तच झालाय आणि पद्माकर शेडबाळे खिडकीला चादर अडकवून आडवा झालाय. डोळा लागलाय म्हणावं तर तसंही नाही, जागा आहे म्हणावं तर तेही नाही. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतंय, पण शेजारच्या घरातून आल्यासारखं. सहा वाजता नेहमीच्या कँटीनवर पोचायचंय. सकाळीच शौकत मुजावरचा फोन येऊन गेला. "पद्मा, यंदाचं शेवटचं बघ. मी चाललो पोरीकडं हुबळीला. तू नि मी, दोघंच तर उरलोय. ये म्हणजे झालं."

एके काळी चाळीस चाहते जमायचे. ‘काळी सहा’ हा मिरजेतला रॉक बँड. पेटीच्या सप्तकात काळ्या पट्ट्या पाचच, सहावी आमची, असं त्या पोरांचं म्हणणं. शमुवेल भोरे, सगळ्यांचा शमूदादा, त्यांचा गिटारवाला. चर्चमध्ये गिटार शिकला आणि मग सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत जाऊन गिटारला जवारी काढून आला. जवारी म्हणजे तार जिच्यावर टेकते ती घोडी अशी घासायची, की छेडून झालं तरी तार गुणगुणत राहावी. सतारीला, तंबोऱ्याला काढतात. गिटारला काढा म्हणणारं येडं पहिल्यांदाच बघितलं, असं म्हणून कारागिरानं त्याला दोनदा हाकलला होता.

तीस वर्षांपूर्वी शमू काविळीनं गेला. एकोणतीस वर्षांचा होता, आणि बँडचा शेवटचा कार्यक्रम होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्याच्या पुण्यतिथीला मंडळी जमतात, चहा पितात आणि दर वर्षी कुणीतरी हळहळतं, की त्या शेवटच्या कार्यक्रमात नवं गाणं झालं ते कुणीतरी टेप करून ठेवायला पाहिजे होतं.

पद्माकरनं केलं होतं. हीच तर खरी गोम आहे. तेव्हा तो बावीस वर्षांचा. मामाचा टेपरेकॉर्डर छातीशी कवटाळून पहिल्या रांगेत उभा होता. गाणं नवं, शब्द कुणालाच ठाऊक नव्हते. याला होते, कारण बँडच्या सरावाच्या खोलीबाहेर सायकल लावून हा महिनाभर ऐकत बसला होता. आत जायचं धाडस मात्र कधी झालं नाही. गाण्यात गायक विचारायचा, "पल्याड कोण?" शमू तेच गिटारवर वाजवायचा आणि थांबायचा. चार वेळा विचारायचा, चार वेळा थांबायचा. आणि त्या प्रत्येक थांब्यात या शहाण्यानं बेंबीच्या देठापासून "मी हाय, मी हाय" म्हणून घेतलं. कॅसेटवर गिटार कुठंतरी मागं आहे आणि पद्माकरचा भसाडा आवाज कानात बसतो. शमूचं शेवटचं गाणं आपण नासवलं, हे त्याला त्याच रात्री कळलं. मित्रांना सांगितलं, फीत अडकली, तुटली, फेकून दिली. तेव्हापासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय. आता शौकत हुबळीला गेला, की खरं सांगायला माणूसच उरायचा नाही.

तो कूस बदलतो, तर पलंगाखाली पंप चालू आहे.

कृष्णेवरच्या पंपहाऊसला सत्तावीस वर्षं नोकरी झाल्यामुळे त्याला यात काही वावगं वाटत नाही. खाली पाय सोडतो तर फरशी ओली आहे. पंप आज सुरात आहे, एवढंच काय ते वेगळं. व्हॉल्व्हचं चाक फिरवायला तो हात वर करतो, तर छताला सतारीचे भोपळे टांगलेले आहेत, आणि खाली पोत्यावर मांडी घालून, मांडीवर गिटार घेऊन, शमू कानस चालवतोय.

"बसा की काका," शमू म्हणतो.

पद्माकरला ते काका जरा लागतं. पण करणार काय? समोरचा एकोणतीसवरच थांबलाय, आणि आपल्या डोक्यावर राहिलेत ते सगळे पांढरे.

"शमूदादा, मी तुमच्याशी कधी बोललोच नव्हतो," तो म्हणतो.

"आता बोला. हे जरा धरा." शमू त्याच्या हातात घोडी देतो. ती गार आहे. "कुठं असायचा तुम्ही?"

"खाली. पहिल्या रांगेत."

"खालचं मला काय म्हाईत असणार? या, दावतो."

घोडी हातातच आहे आणि ते दोघं स्टेजवर उभे आहेत. ऊन उतरलंय. समोर ते सगळं मैदान, जसंच्या तसं. पाठीमागं माणसाच्या उंचीचे स्पीकर असे घुमताहेत, की पद्माकरला स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. शमू त्याच्या कानाशी तोंड आणून ओरडतो, "बघा! आता मी विचारतो!"

तो वाजवतो. पल्याड कोण? आणि थांबतो.

मैदानात हजारभर माणसं मिटल्या तोंडानं उभी आहेत. पहिल्या रांगेत एक काटकुळा पोरगा, छातीशी टेपरेकॉर्डर, गळ्याच्या शिरा ताणून तोंड वासलेला. स्पीकरच्या घुमण्यात त्या तोंडातलं काहीच वर ऐकू येत नाही. मासा पाण्याबाहेर काढल्यासारखं ते उघडतंय आणि मिटतंय. आणि शमू त्या पोराकडं बघतसुद्धा नाहीये. तो लांब, मागच्या रांगांकडं बघत वाट पाहतोय.

"चार डाव थांबलो," शमू म्हणतो. आता ओरडायची गरज नाही, स्पीकर कुठं गेले कोण जाणे. ते दोघं पंपहाऊसच्या पायरीवर बसलेत आणि नदीला पाणी नाही. "कुणी हूं का चूं केलं न्हाई. मला वाटलं, गाणं पडलं. खाली उतरलो ते कुणाशी बोललोच न्हाई. नंतर दवाखान्यात पडल्यापडल्या तेच डोक्यात. थांबायलाच नको होतं. वाजवत सुटायला पाहिजे होतं."

तीस वर्षं हा माणूस आपल्यावर चिडला असेल, असं धरून चाललो होतो. त्याला तर आपण होतो हेच ठाऊक नाही.

"मी म्हणालो होतो की," तो म्हणतो.

"काय?"

"उत्तर. चारी वेळा. मी एकट्यानं."

शमू वळून बघतो. पहिल्यांदाच नीट बघतो. मग वाजवतो आणि थांबतो.

पद्माकरला लाज वाटते. बावन्न वर्षांचा माणूस, मरून गेलेल्या माणसासमोर गायचं म्हणजे काय! पण थांबा लांबत चाललाय आणि तार नुसतीच गुणगुणत राहिलीये. तो तोंड उघडतो आणि म्हणतो. मी हाय, मी हाय.

"सूर गेलाय काका."

"तेव्हाबी गेला होता."

"असू दे. आलं ऐकायला," शमू म्हणतो. "परत."

तो परत म्हणतो. तिसऱ्यांदा नदीच्या कोरड्या पात्रापलीकडं जाईल एवढ्या जोरात म्हणतो. चौथ्यांदा डोळे मिटून म्हणतो. उघडतो तेव्हा पायरीवर शेजारी कुणी नाही. तार अजून वाजतेय, वाजतेय, आणि मग ती तार नाहीच, उशाशी फोन थरथरतोय.

सव्वापाच. चादर खिडकीवरून गळून पडलीये आणि तोंडावर ऊन आलंय. खोलीत कुणी नाही, कधीच नसतं, पण आज ते जरा जास्त जाणवतं. पद्माकर फोन उचलतो.

"निघालास न्हवं?" शौकत विचारतो.

पद्माकर हो म्हणायला जातो आणि नुसती हवा बाहेर पडते. घसा आतून सोलून निघाल्यासारखा झोंबतोय. तो पाणी पितो, पुन्हा प्रयत्न करतो.

"कोण बोलतंय?" शौकत घाबरतो. "पद्मा कुठाय?"

"पद्माच बोलतोय. शौकत, कॅसेट आहे माझ्याकडं. शेवटच्या गाण्याची. फेकली न्हवती. खोटं बोललो होतो."

पद्माकर शिव्यांची वाट बघतो. शौकतच्या शिव्यांचा साठा मोठा आहे, आणि आज त्या सगळ्या आपल्या हक्काच्या आहेत.

"आवाजाला काय झालंय तुझ्या?" शौकत शेवटी विचारतो.

"गात होतो."

"एकटाच?"

"व्हय," पद्माकर म्हणतो. "तेच तुला ऐकवायचंय."