पाचटात लपवलेली मोटर

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता पुसट झाल्यात. खोडदची ती दुपार मात्र आजही जशीच्या तशी आठवते.

सकाळी एक मेंढपाळ ठाण्यात आला. "सायेब, जुन्या खाणीत काल लई मोठा आवाज झाला. मेंढरं उधळली," म्हणत त्याने फाटलेला लोखंडी तुकडा टेबलावर ठेवला. आमच्याकडे बिबट्याला हुसकायला फटाके वाजतच असतात, त्यामुळे आवाजाचं कुणाला काही वाटत नाही. पण फटाक्यातून लोखंड उडत नाही. कुणी रानडुकरांच्या शिकारीसाठी गावठी बॉम्ब करत असणार, असं वाटलं. स्टेशन डायरीत नोंद करून मी निघालो.

खाणीत जळकी माती आणि मोबाईलचा स्टँड सापडला. शिकारी काही स्वतःच्या गुन्ह्याचं शूटिंग करत नाही. तो स्टँड दाखवून गावात विचारपूस करत इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या एका विद्यार्थिनीपर्यंत पोचलो. मुलीचा जबाब घरीच घ्यायचा असतो, म्हणून महिला शिपाई सोबत घेतली.

मुलगी मान खाली घालून बसली. प्रोजेक्टसाठी रॉकेटची मोटर, म्हणजे जळणारं इंधन ठासलेली लोखंडी नळी, बनवली, सरांना न सांगता पेटवून पाहिली, ती फुटली, एवढंच बोलली.

"अजून एखादी आहे?"

"नाही."

ती खोटं बोलतेय हे कळत होतं, पण धाक दाखवला तर तोंड कायमचं मिटेल, हेही कळत होतं. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. "तिचं वडील येतीलच, सायेब. ऊस तुटलाय, पाचट पेटवायला गेल्यात."

मुलगी ताडकन उठली. "आई, दुसरी पाचटातच हाये. बांधाकडच्या ढिगात लपवलीय मी."

वडिलांना फोन लावला, तर तो घरातच चार्जिंगला वाजला.

मुलीला जीपमध्ये घेऊन आम्ही शेत गाठलं, तर उसाच्या वाळल्या पाल्याचा धूर निघू लागला होता. वडील आणि दोन मजूर ढिगाजवळच उभे होते. लांबूनच ओरडून आम्ही त्यांना ओढ्यापलीकडे पिटाळलं. थोड्याच वेळात स्फोट झाला. ते उभे होते त्यामागच्या पंपाच्या खोलीचा पत्रा फाटला.

वडिलांनी पत्र्याची फाटकी कड चाचपून पाहिली आणि ते मुलीकडे वळले. "मला सांगायचं व्हतं ना, बाय."

"तुमी कॉलेज बंद केलं असतं."

"केलं असतं," ते हळूच म्हणाले.

पुढची कारवाई रीतसर झाली. त्यानंतर अशा तपासात 'कुणी केलं' याआधी 'अजून कुठं काही ठेवलंय का' हे मी विचारू लागलो, आणि तेही घरच्यांना बाहेर बसवून. त्या मुलीला स्फोटापेक्षा बापाची भीती जास्त होती.

मलाही मुलगी आहे. त्या संध्याकाळी जेवताना तिला विचारलं, "तू माझ्यापासून काय लपवतेस?" ती हसली आणि मला भाजी वाढू लागली.