आक्कांचं सोल्डरिंग

वाळूजच्या सगळ्या कारखान्यांत मिळून जेवढी अक्कल असेल, त्याहून जास्त माझ्या थोरल्या नणंदेच्या एका जुन्या टूथब्रशात आहे. हे मी तिथं वीस वर्षं सर्किट बोर्ड तपासून म्हणते. भिंगातून सोल्डरचे टाके बघायचे आणि नापास करायचे, ही माझी नोकरी. नापास करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. ही नणंद, म्हणजे आमच्या आक्का, छावणीत राहतात आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर शेजाऱ्यांचे मिक्सर, इन्व्हर्टर उघडून बसतात. बोर्ड आला की आधी त्याचा वास घेतात. एका लग्नात माइक बंद पडला, तर या पंगतीतून उठल्या, अ‍ॅम्प्लिफायरला नाक लावलं, कपॅसिटर जळाल्याचं सांगितलं आणि परत येऊन जिलेबी संपवली. वासानंतर स्पिरिटमध्ये बुडवलेला टूथब्रश. त्या राहून गेल्या की आमच्याकडे ब्रश मोजावे लागतात. एकदा माझ्या नवऱ्याचा रोजचाच गेला. नरम होता, एवढाच खुलासा मिळाला.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणली होती. तिचा पंप चोवीस तास चाले. एका रविवारी तो बंद पडला. दुकानं बंद, गादी हळूहळू बसायला लागलेली. आक्कांना फोन करायचा सोडून मी स्वतःला म्हटलं, वीस वर्षं काय भाजी विकली का? पंपाची पिन काढून बोर्ड उघडला. सुटलेला टाका लगेच सापडला. चुका शोधण्यात मी हुशारच. सोल्डर धरेना म्हणून तापलेलं सोल्डरिंगचं आयर्न दाबून धरलं, तर बोर्डावरची तांब्याची पट्टीच पोपड्यासारखी उचलून आली. आतून सासूबाईंनी विचारलं, झालं का? मी म्हटलं, होतंय. आणि फोन केला.

आक्का आल्या त्या आधी आईकडं गेल्या. तिला कुशीवर वळवून पाठीशी उशी लावली. मग वास, भिंग, ब्रश. मी मागं उभी राहून घाई लावत होते.

"वैनी, एक बोर्ड नापास करायला किती वेळ लागतो गं तुला?"

"दोन सेकंद."

"मंग मला दोन तास दे. आन् उजेड सोड."

वायरीतून केसाएवढी एक तार काढून त्यांनी उखडलेल्या पट्टीच्या जागी जोडली. सोल्डर धरावं म्हणून आधी राळ लावली, आयर्न टेकवलं न टेकवलं तोच उचललं. मी सवयीनं तपासायला वाकले. टाका जरा ओबडधोबड होता. तसं म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी पिन लावली आणि पंप सुरू झाला. आक्कांनी आईच्या पाठीखाली हात सारला, हवा टोकापर्यंत पोचते का ते बघायला. पोचल्यावरही तो हात बराच वेळ बाहेर काढला नाही.

तो पंप पुढं आठ महिने चालला. सासूबाई गेल्या त्या सकाळीही चालूच होता. घरात माणसं रडत होती आणि तो घुरघुरत होता. बंद करायला मीच पुढं झाले, असली कामं माझ्याचकडं असतात.

"थांब जरा," आक्का म्हणाल्या.

त्यांनी बटणावर बोट ठेवलं आणि नुसतंच ठेवून बसल्या. मी शेजारी उभी राहिले. घाई केली नाही.