तानाबाईची चाखलेली काकडी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या गेटाबाहेर करंजाचं झाड होतं आणि त्या झाडाखाली बारा वर्षं तानाबाई काकड्या विकायला बसायची. भट्टीवरचा माणूस बाहेर आला की त्याला आधी सावली लागते, मग पाणी, मग चार शब्द ऐकवायला कुणीतरी. तानाबाईकडं तिन्ही मिळायचं. पाणी तेवढं काकडीतून.

तिची एक रीत होती. काकडीचं देठ उडवायचं, त्या देठाच्याच चकतीनं कापलेल्या जागेवर पांढरा फेस येईस्तोवर घासायचं, साल काढायची, मग एक पातळ काप स्वतःच्या तोंडात टाकून डोळे मिटून चावायचा. डोळे उघडले की काकडी पास. कडू निघाली तर म्हशीसाठी ठेवलेल्या पाटीत. घासल्यानं कडूपणा उतरतो का, हे देवाला ठाऊक. पण चाखल्यानं तो कळतो, हे तानाबाईला पक्कं ठाऊक होतं.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात फौंड्रीला शशिधर नावाचा नवा कल्याण अधिकारी आला. गडहिंग्लजकडचा, पुण्यात शिकलेला, खिशाला तीन पेनं. कामगारांची सुटलेली पोटं बघून त्याला काळजी लागली. त्यानं सभा घेतली आणि काकडीवर पाऊण तास बोलला. काकडीत शंभरातले पंचाण्णव भाग पाणी असतं, पोटॅशियम असतं, के जीवनसत्त्व असतं, सालीत चोथा असतो, आणि उष्मांक म्हणाल तर जवळजवळ नाहीतच.

"म्हंजे खाल्लं तरी अंगाला लागत न्हाय?" भट्टीवरच्या कृष्णातनं विचारलं.

"वजन वाढत नाही."

"मग मटणासंगं दोन हाणल्या तर मटणबी लागणार न्हाय की!"

त्या रविवारी निम्म्या फौंड्रीनं हे पथ्य मनोभावे पाळलं. काकडी वाढली. रस्सा कुणी कमी केला नाही.

शशिधरनं मग कडक पाऊल उचललं. सोमवारपासून कॅण्टीनमध्ये रोज काकडी मिळणार. न सोललेली, बिनमिठाची, देठासकट. आणि साल फेकून, मीठ-चटणी माखून विकणारी बाई गेटावर बसणार नाही.

वॉचमननं ही बातमी आणली तेव्हा तानाबाईनं सुरी पुसली, पदर खोचला आणि ऑफिसात जाऊन उभी राहिली. त्या करंजाच्या सावलीवर तिचं घर चालत होतं.

"सायेब, मीठ कमी करतो. पर येक ऐका. चैताचं ऊन हाय, वेलाला पाण्याची वढ बसलीया. ह्या दिसांत काकडी कडू निगती. चाखल्याबिगार कुणाला दिऊ नगासा."

"मावशी, काकडीची परीक्षा प्रयोगशाळेत होते, जिभेवर नाही."

"व्हय, पर खायाची जिबंनंच न्हवं?"

शशिधरनं पेन उघडलं, म्हणजे बोलणं संपलं.

सोमवारी तिला उठवायला वॉचमन आला. पण त्याची स्वतःची काकडी अर्धी खायची राहिली होती, म्हणून तो जरा थांबला. आत कॅण्टीनच्या काकडीच्या उद्घाटनाचा मंडप सजला होता. मालक आले, हार झाले. शशिधर माइकवर म्हणाला, "पौष्टिक अन्नाला जो तोंड वाकडं करतो, तो स्वतःच्या देहाचा वैरी!" टाळ्या पडल्या. त्यानं ताटातली हिरवीगार काकडी उचलली आणि देठाकडूनच कचकन चावली.

ती कडूजहर होती. माइक चालू होता आणि बोललेलं वाक्य काही परत गिळता येत नव्हतं. मग काकडीच गिळायची राहिली. शशिधर चावत राहिला. कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. "उत्तम," तो म्हणाला. त्याची ती निष्ठा बघून मालकांनीही दुसरी उचलून मोठा घास घेतला. मालकांनी भाषण केलेलं नव्हतं. त्यांनी तो तिथल्या तिथं थुंकला.

"शशिधर, ह्ये खायला घालतोयस व्हय माणसांस्नी?"

 शशिधर तोंडावर हात धरून मोरीकडं पळाला.

मालकांचं तोंड पाण्यानं काही गोड होईना. कृष्णात गेटाकडं पळाला. "तानाक्का, मालकांस्नी येक काकडी दे, बिगी बिगी!"

"तशी कशी दिऊ? चाखायची, हातात द्यायची, आन् खाताना बघायचं, मग माजं काम संपतंय. मालकांस्नीच घिऊन ये हितं."

आणि मालक आले, हार गळ्यात तसाच घेऊन. तानाबाईनं पहिली काकडी चाखली, पाटीत टाकली. दुसरी चाखली, तीही पाटीत. तिसरीला तिचे डोळे उघडले. मालकांनी ती उभ्यानं खाल्ली, अजून एक मागितली, आणि वॉचमनकडं बघून म्हणाले, "ह्या बाईला हितनं कुणी हलवायचं न्हाय."

चार दिवसांनी शशिधर करंजाखाली आला, रांगेत शेवटी, खिशाला एकच पेन. तानाबाईच्या हातातली काकडी बघून तो चमकला. तिच्यावर हिरव्या सालीच्या उभ्या पट्ट्या ठेवलेल्या होत्या.

"मावशी, साल ठेवलीत?"

"अर्दी ठेवलीया. तुमचं बोलणं समदंच काय खोटं नसंल." तिनं काप तोंडात टाकला. "पर आदी माजी परीक्षा हुंदे."

तिनं डोळे मिटले. कृष्णात पुढं झुकला, वॉचमन पुढं झुकला, आणि पुण्यात शिकलेला शशिधर त्यांच्यासारखाच श्वास धरून तानाबाईच्या हलत्या जबड्याकडं बघत उभा राहिला.