दिगू अल्पशा आजाराने गेला नाही

इथल्या मराठी मंडळाच्या फलकावर लिहिलं होतं, ‘अल्पशा आजाराने निधन’. मी तिथंच सेक्रेटरीला विचारलं, “अल्पसा म्हणजे केवढा रे? घशात नळी घालून पडला होता माझा भाऊ.” तो म्हणाला, “आजी, असंच लिहितात.” असंच लिहितात म्हणूनच आज मी लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची. चुका छापणाऱ्यांनी काढाव्यात, मजकूर काढू नये.

दिगंबर माझ्या पाठचा. चंदीगडच्या एका वैद्यकीय संस्थेत त्यानं सगळी नोकरी केली. त्याची बायको गेली तेव्हा मी इथं आले ती राहिलेच. त्याचं काम रक्ताचं. लस घेतलेल्या माणसाला वर कोरोना होऊन गेला, तर त्याच्या रक्तातल्या अँटीबॉडी विषाणूच्या नव्या नव्या रूपांना ओळखतात का, हे तो तपासायचा. जेवताना मला समजावायचा. रक्त आधी पाहिलेला चेहरा ध्यानात ठेवतं, नवा आला की कधी ओळखतं, कधी अर्धवट. मी म्हटलं, “म्हणजे चोरानं मिशी काढली की तुमचा गुरखा त्याला सलाम ठोकणार.” खूप हसला. वर्गातही सांगितलं म्हणे, माझ्या नावासकट.

पण त्याचा स्वतःचा गुरखा झोपलेला होता. त्याचं मूत्रपिंड बदललेलं. नवं मूत्रपिंड शरीरानं परकं म्हणून झिडकारू नये यासाठी ज्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्या रोगाशी लढणारी ताकदच दाबून टाकतात. सगळ्या लसी घेऊनही त्याच्या रक्तात अँटीबॉडी नावालाच निघाल्या. हे त्याला ठाऊक होतं, मला होतं आणि त्याच्या प्रयोगशाळेत तर सगळ्यांनाच होतं.

यंदाच्या संक्रांतीला बाहेर दाट धुकं. आदल्या रात्री लोहडीच्या सणाला पेटवलेल्या शेकोटीची राख फाटकापाशी तशीच होती. शिरीष आला, बायको-मुलीला घेऊन. दिगूचा जुना विद्यार्थी, आता स्वतः प्रोफेसर. दारातच खोकला.

मी म्हटलं, “खोकतोयस तर बाहेर उभा राहा. तिळगूळ तिथं आणून देते.”

“अहो अक्का, थंडीचा आहे. आणि माझ्या लसी झाल्यात, वर दोनदा कोरोना होऊनही गेलाय. माझ्या अँटीबॉडी सरांच्याच लॅबमध्ये मोजल्यात. एकदम पक्क्या!”

“तुझ्या असतील. त्याच्या कुठं आहेत?”

त्याची मुलगी मराठी समजते, बोलते हिंदी. ती म्हणाली, “दादी, पापा को कल बुखार भी था.” सगळे हसले. दिगू आतून उठून आला. “अक्का, वर्षाचा सण आहे, आज तरी गोड बोल. घरचा आहे तो. ये रे, बैस.”

आणि बसवला की शेजारी! खिडक्या बंद, हीटर लावलेला, चहा, तिळाच्या वड्या, आणि गप्पा कसल्या, तर अँटीबॉडीच्या. शिकलेल्या माणसांनीच करावी अशी चूक ही. रक्तात पक्क्या अँटीबॉडी असल्या तर माणूस स्वतः बहुतेक वेळा थोडक्यात सुटतो. पण तो दुसऱ्याला रोग देणारच नाही असं कुठं आहे? हे दोघे इतरांना हेच शिकवायचे. स्वतःच्या दिवाणखान्यात विसरले. शिरीषला भरवसा आपल्या रक्ताचा, दिगूला भीड पाहुण्याची. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्या घरी ती मरणाची बहीण निघाली.

दोघांनाही कोरोना निघाला. शिरीष लवकर बरा झाला. दिगू रुग्णालयातून परत आला नाही.

शोकसभेच्या आदल्या दिवशी शिरीष आला, मास्क लावून. रडला. मी म्हटलं, “रडू नकोस. उद्या बोलशील तेव्हा कसा गेला ते सांग. त्या मंडळात डायलिसिसवाले आहेत, कॅन्सरवाले आहेत. त्यांच्या घरी लोक असेच खोकत जातात.”

“अक्का, माझं नाव घ्यायलाच हवं का?”

“नाव नको घेऊस. खोकला सांग.”

हो म्हणून मान हलवली त्यानं. दुसऱ्या दिवशी सरांच्या संशोधनावर छान बोलला. नवी रूपं, अँटीबॉडी, सरांची दूरदृष्टी... खोकला आलाच नाही. लोकांनी डोळे पुसले. जाताना पहिल्या रांगेतले एक जण रुमालात खोकत होते आणि सगळ्यांशी हात मिळवत होते.

दिगूलाही मी सोडत नाही. आजारी पडल्यावर तो खोलीचं दार लावून राहिला. मी बाहेर स्टुलावर पेज ठेवायची. आतून आवाज यायचा, “अक्का, मागे हो. अजून मागे. स्वयंपाकघरात जा.” मी गेले की मगच कडी निघायची. एकदा मी हट्टानं उभी राहिले, तर दार उघडलंच नाही. पेज गार झाली. म्हणजे ‘लांब हो’ म्हणता येत होतं त्याला! थोरल्या बहिणीला खडसावून म्हणता येत होतं, मग सणाला आलेल्या पाहुण्याला म्हणताना काय जीभ झडली होती?

ते स्टूल अजून त्याच्या दाराबाहेरच आहे. भेटायला येणारे त्याला अडखळतात, उचलून ठेवू का विचारतात. मी नको म्हणते. लागतंय पायाला तर लागू दे.