फेसबुकची वारस नोंद

व्यंकटराव वैजापूरच्या तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले खरे, पण तहसील काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. उभा जन्म मेलेल्या माणसांच्या जमिनींना वारस लावण्यात गेला. आता सिडकोतल्या दोन खोल्यांत बसून त्यांना एकच घोर लागला होता: आपण गेल्यावर आपल्या फेसबुकचं काय? रोज सकाळी सातला दोनशे चौदा लोकांना त्यांची 'शुभ सकाळ' जायची, गुलाबासकट. ती बंद पडली तर बिचाऱ्यांनी उठायचं कशाच्या जोरावर?

"बाबा, फेसबुकमध्येच सोय आहे," लेक मृण्मयी पुण्याहून फोनवर म्हणाली. "एक नाव निवडायचं, झालं."

"नोटीस न काढता?" व्यंकटराव हबकलेच. हरकती नाहीत, सुनावणी नाही; असला वारस उद्या कुणीही उडवून लावील.

मग शहागंजातून शिक्क्याचं पॅड आलं आणि जिन्याखाली जाहीर नोटीस लागली. 'खातेदार हयात आहे. त्याच्या पश्चात फेसबुक खाते चिरंजीव हिमांशू याच्या नावे लावणे आहे. हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी द्यावी.' हिमांशूला कुणी विचारलं नव्हतं. वारसाला विचारून कुणी वारस करतं का?

पहिली हरकत तळमजल्यावरच्या सखारामची. शेंद्र्याच्या कारखान्यात रात्रपाळी करून तो साडेसहाला आडवा व्हायचा. अर्ज देताना म्हणाला, "काका, तुमचं गुलाब सातला टिंग करतं. तुम्ही लई जगा, पण मागं वारस नका ठेवू."

दुसरी शेवटच्या दिवशी दाराखालून आत सरकली. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, वर कोर्ट फीचं तिकीट. घडी केलेली हरकत सुनावणीआधी उघडायची नाही, हा व्यंकटरावांचा नियम. तोच नडला.

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या टेबलाशी, इमारतीतल्या शेजाऱ्यांसमोर सुनावणी भरली. सखारामची हरकत फेटाळून त्यांनी दुसरी खड्या आवाजात वाचायला घेतली.

'अर्जदार भानुमती, खातेदाराची पत्नी. खातेदार दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला फेसबुकवर लिहितात की, भानू, तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं. अर्जदाराकडे बटणांचा फोन आहे. तिला हे शेजारच्या मोनिकानं दाखवलं. एकोणचाळीस वर्षांत घरात असं काही कानावर आलेलं नाही. सबब, बाकीचं खुशाल हिमांशूला द्या. हे वाक्य माझं आहे. ते मला खातेदाराच्या हयातीत, तोंडी मिळावं.'

व्यंकटरावांनी मान वर केली. समोरच्या खुर्चीत भानुमतीबाई पदर सावरून बसल्या होत्या.

"अगं, वर जाऊन बोलू की."

"अहो, सुनावणी चारचौघांत असते. तुम्हीच सांगता."

त्यांनी कागद उलटसुलट करून खोट शोधली. तारीख होती, सही होती, तिकीटसुद्धा होतं. शेवटी ते उभे राहिले. 'भानू' कसंबसं निघालं, पुढचं अर्धं घशातच राहिलं. डोळे मात्र भरून आले, आणि ते त्यांना नोटिशीनं पुसावे लागले.

"मागं ऐकू आलं नाय," सखाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सात वाजले. टिंग नाही. सव्वासात झाले. सखारामला झोप येईना. काका गेले की काय! तो अनवाणीच वर धावला.

दार उघडं होतं. व्यंकटराव स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभे होते. "शुभ सकाळ, भानू."

भानुमतीबाई कणीक मळत होत्या. "पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या, "नोटीस वाचल्यासारखं वाटतंय."