ओट्यावर डुललेलं चेंबर

मला फसवलं ते माझ्याच मित्राने. द्वारका चौकाजवळ त्याचं गॅरेज आहे. माझ्या टेम्पोच्या इंजिनाखालच्या ऑइल चेंबरला, म्हणजे तेलाच्या पत्र्याच्या भांड्याला, नवं पॅकिंग बसवायचं काम त्याने घेतलं आणि अर्धंच केलं.

आम्ही दोघं देवळाली कॅम्पातल्या एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो. तो पान्याला चिकटून राहिला, मी स्टिअरिंग धरलं. आता माझा स्वतःचा टेम्पो द्राक्षाच्या हंगामात पिंपळगावच्या एका पॅकहाउसला लागतो. तिथे फाटकावर वॉचमन प्रत्येक गाडीखाली पुठ्ठा सरकवतो. थेंब दिसला की गाडी परत. परदेशात जाणारा माल, फरशीवर तेल चालत नाही.

पॅकिंग बदलल्यावर पहिल्याच फेरीला वॉचमनने पुठ्ठा माझ्या तोंडासमोर धरला. "दादा, गळती हाय. आत नाय जायची."

सगळ्या रांगेदेखत गाडी वळवली आणि थेट गॅरेज गाठलं. मित्राने खाली शिरून बोल्ट आणखी आवळले. "झालं. आता गळलं तर नाव बदलीन."

दुसऱ्या दिवशी थेंब आधीपेक्षा मोठा. त्याने पुन्हा आवळले. त्यानंतर मला कुठे बसवेना. चहाची टपरी असो की सासऱ्यांचं दार, गाडी थांबली की खाली पुठ्ठा. जेवता जेवता उठून बघून यायचो.

बायको म्हणाली, "अहो, माझ्या आईला कशा आहात विचारलं नाहीत, पुठ्ठ्याला तीनदा विचारून आलात."

मग पॅकहाउसच्या मॅनेजरचा निरोप आला: सोमवारी पुठ्ठा कोरडा नसेल तर तुमच्या जागी दुसरी गाडी.

रविवारी सकाळी मी स्वतः चेंबर उतरवलं. कडेला सिलिकॉनचा जाड थर, त्यावर काळा रंग. सगळं खरवडलं, पेट्रोलने पुसलं आणि चेंबर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पालथं ठेवलं. कोपऱ्यावर बोट दाबलं तर ते डुललं. बोल्टच्या भोकांभोवती पत्रा वाकला होता. आवळावं तितका आणखी वाकणार, आणखी गळणार. पॅकिंगच्या आधी कड ठोकून सपाट करायची, बोल्ट आधी हाताने लावायचे, मग मधून टोकांकडे थोडे थोडे आवळायचे. उस्तादाने पहिल्यांदा शिकवलं ते हेच.

चेंबर घेऊन गॅरेजवर गेलो. तो चहा पीत होता.

"ही कड कुणी ठोकायची होती?"

"भाव पाडताना गोड लागलं ना, शेठ? त्या भावात ठोकाठोकी बसत नाही."

"मग तेव्हाच नाही म्हणायचं."

"तू 'नाही' ऐकून घेतोस कधी?"

बाकावरची गिऱ्हाइकं हसली.

मी भाव करतो. टायरवाल्यापासून भाजीवालीपर्यंत कुणाला सोडत नाही. पण समोरचा हो म्हणाला की भाव तिथे संपतो, आणि काम पुरं करावं लागतं. परवडत नसेल तर नाही म्हणायला कुणी तोंड धरलेलं नसतं. हो म्हणून वर काळा रंग फासायचा, याला धंदा म्हणत नाहीत.

घरी येऊन मीच कड ठोकली, पॅकिंग बसवलं, ते नीट धरावं म्हणून रात्रभर तेल न भरता गाडी उभी ठेवली. सोमवारी तेल भरून निघालो, फाटकावर पुठ्ठा कोरडा निघाला. जागा राहिली. तरी आजही गाडी थांबली की मी खाली वाकतो, आणि वाकलो की डोकं तापतं.

उस्ताद अजून देवळालीतच आहेत. मित्रा, तू त्यांच्यासमोर ये आणि एवढंच सांग: कड वाकलेली तुला दिसली होती की नव्हती?