गुत्त्याच्या चित्राची काच

आमच्या वकीलकाकांच्या दिवाणखान्यात अठराव्या शतकातल्या इंग्रजी छापचित्रांची रांग आहे. श्रीमंत तरुण वाया जातो आणि वेड्यांच्या इस्पितळात पोचतो, अशी ती गोष्ट. "बघा, शेवट काय होतो!" काका दर पाहुण्याला बजावतात. पण बोटांचे डाग दिसतात ते मधल्या, दारूच्या गुत्त्याच्या चित्राच्या काचेवर. इस्पितळाची काच मात्र लख्ख! मला त्या चित्रकाराचाच संशय येतो. उपदेशच करायचा होता, तर बाईच्या मोज्याचा सुटलेला बंद त्याने छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर इतक्या मायेने का कोरला? मेजाखाली सांडलेली दारू चाटणारा कुत्रासुद्धा किती खुशीत आहे!

"शेवटचं चित्र पाहिलंस का गं?" आज काकांनी मागून विचारलं.

"बघते," मी म्हटलं. गुत्त्याची काच माझ्या श्वासाने धुरकटली होती.